खडी, माती, पेव्हर आणि फाळक्याची एक कडी : पिकअपचा आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या महिन्यात नाशिकमध्ये गरवारे पॉइंटच्या अलीकडे एका गतिरोधकावर माझ्या पिकअपचा मागचा फाळका, म्हणजे हौद्याचे खाली उघडणारे दार, आपोआप खाली पडला आणि पाच-सहा घमेली खडी रस्त्यावर सांडली. मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराने वेळीच ब्रेक दाबला म्हणून अनर्थ टळला. मदतनीस पोरगा आणि मी खराट्याने रस्ता झाडत असताना तो गृहस्थ जे बोलला ते इथे लिहिण्यासारखे नाही, पण त्यातला एकही शब्द चुकीचा नव्हता.

मी बंगल्यांच्या बागा करून देतो. लाल माती, शेणखत, खडी, पेव्हर ब्लॉक, काळे धोंडे आणि लॉनच्या गुंडाळ्या हा माझा रोजचा माल. भाड्याच्या टेम्पोवर वर्षाला जाणारा पैसा पाहून १,३०० किलो क्षमतेची गाडी हप्त्यावर घेतली. इंजिन, मायलेज आणि केबिन यांविषयी इतरांनी भरपूर लिहिले आहे आणि माझी त्याबाबत तक्रार नाही. माझे भांडण त्या कडीशी आहे.

फाळका दोन्ही बाजूंच्या एकेका कडीवर बंद होतो. कडी खोबणीत बसली की दांडा खाली दाबायचा, एवढीच तिची रचना. परंतु तिला दुसरा कोणताही अडसर नाही. शिवाय खोबणीचे तोंड वर उघडे असल्याने माल भरताना त्यात कच साचतो. त्या दिवशी उजव्या खोबणीत हरभऱ्याएवढा एक खडा अडकलेला सापडला. दांडा दाबलेला दिसत होता, पण कडी निम्मीच बसली होती. सर्व्हिस सेंटरमध्ये हे दाखवले, तेव्हा काउंटरवरच्या साहेबांनी हौद्याच्या भागांना वॉरंटी लागू नसल्याचे सांगून नव्या कडीसाठी १,८५० रुपयांचा आकडा काढला. तसलीच कडी बसवून तोच धोका पुन्हा विकत घ्यायला मी तयार नव्हतो, त्यामुळे अर्धा तास वाद घालून तसाच परत आलो. अंबडमधल्या एका वेल्डरने दोन्ही दांड्यांना आरपार भोक पाडून लोखंडी पिन बसवून दिली. मजुरीसह ३४० रुपये झाले. हा सुधार कारखान्यातच झाला असता, तर गाडीची किंमत कितीशी वाढली असती?

इथपर्यंतचे मत मी महिनाभर ज्याला त्याला ऐकवत होतो. आता त्यात दुरुस्ती करतो, कारण सांडलेली खडी पुन्हा भरून मी तशीच वजनकाट्यावर नेली होती आणि निव्वळ माल १,७९० किलो भरला. म्हणजे क्षमतेपेक्षा जवळजवळ पाचशे किलो जास्त. सुटा माल नुसता खाली दाबत नाही, तो बाजूंनाही रेटतो, आणि जितका उंच भरावा तितका फाळक्यावरचा रेटा वाढत जातो. कडी कच्ची होती हे खरे, पण तिला ढकलणारा मीच होतो.

चूक डोळ्यांची होती. हौदा साधारण नऊ फूट बाय साडेपाच फूट, म्हणजे पन्नास चौरस फुटांच्या आसपास. खडी घनफुटाला ढोबळमानाने त्रेचाळीस किलो धरली, तर १,३०० किलो माल जेमतेम सात इंच उंचीपर्यंत येतो. सात इंच भरलेला हौदा रिकामाच वाटतो. जेसीबीच्या पुढच्या बकेटात सुमारे एक घनमीटर माल येतो, म्हणजे शिगोशीग भरलेले एकच बकेट आपल्या गाडीला जास्त होते. तरीही डेपोवरचा ऑपरेटर हमखास विचारतो, “शेठ, गाडी अजून दबलीच नाही, अर्धं टाकू का?” पूर्वी मी हो म्हणत असे, कारण एक फेरी वाचली की दोनशे-अडीचशे रुपयांचे डिझेल वाचते. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे २,००० रुपये दंड आहे, हे वाचल्यावर ती बचत मला महाग वाटू लागली. आता हौद्याच्या आतून सात इंचांवर पिवळ्या रंगाची रेघ मारली आहे. ओली माती किंवा ओली रेती असेल तर रेघेच्या दोन बोटे खालीच थांबतो.

पेव्हरचा हिशेब वेगळा आहे. साठ मिलीमीटर जाडीचे ब्लॉक चौरस मीटरला एकशे पस्तीस-चाळीस किलो भरतात, त्यामुळे एका फेरीत शंभर चौरस फुटांच्या आतच थांबावे लागते. ते केबिनच्या भिंतीला चिकटवून, मध्ये फट न ठेवता रचावेत. फट राहिली की जोरात ब्रेक लागताच सगळी रास पुढे सरकते. उतरवायला सोपे म्हणून मी एकदा ते फाळक्याजवळ रचले होते. मागच्या चाकांच्याही मागे वजन गेल्याने पुढची चाके हलकी पडली आणि पाथर्डी फाट्यापर्यंत स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखे वाटत होते.

धोंड्यांना मात्र रेघ उपयोगाची नाही. आपला काळा दगड घनफुटाला ऐंशी किलोच्या आसपास भरतो, आणि दोन फूट लांब, फूटभर रुंद व तेवढाच जाड धोंडा एकदा घरंगळला की नायलॉनच्या दोरीने आवरत नाही. खाली जुन्या टायरचे तुकडे, दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी आणि वरून रॅचेटचे (दांड्याने आवळायचे) दोन पट्टे, एवढे केल्याशिवाय मी आता गाडी हलवत नाही. पट्टे अडकवायला हौद्याच्या आत एकही कडे (रिंग) दिलेले नाही. बाहेरचे हूक ताडपत्रीच्या दोरीपुरते आहेत. शेवटी त्याच वेल्डरकडून अशी चार कडी आत लावून घेतली, त्याचे आणखी ६०० रुपये.

गाडीच्या स्प्रिंगच्या पाट्यांबद्दल तक्रार करायला जागा नाही. पावसाळ्यात गंगापूर रोडच्या आतल्या खड्ड्यांतून मातीच्या फेऱ्या करूनही त्यांनी कुरकुर केली नाही. फाळक्याच्या पिना मात्र पोराने आतापर्यंत दोनदा हरवल्या, म्हणून त्या आता साखळीने दांड्यालाच बांधून टाकल्या आहेत आणि भरण्याआधी खोबणीतला कच जुन्या रंगाच्या ब्रशने काढण्याचे काम त्याच्याकडेच दिले आहे.