यूव्ही मीटर: उन्हाळा आणि अर्धा पावसाळा वापरल्यावर

चकतीला तडा गेला आणि कंपनी म्हणते, हा भाग वॉरंटीत बसत नाही. अहो, उन्हातले यूव्ही (अतिनील) किरण मोजणाऱ्या सेन्सरवरची ती पांढरी गोल चकती म्हणजेच तर मीटर! तिरपे किरणही योग्य प्रमाणात आत जावेत म्हणून ती बसवलेली असते. मे महिन्यात वखरणी सुरू होती, तेव्हा तासाभरात तिच्यावर काळ्या मातीचा थर बसायचा. धुऱ्यावर उभं राहून पाहिलं तर यूव्ही निर्देशांकाचा आकडा 7. ओल्या मऊ फडक्यानं पुसून पाहिलं तर 9. धूळ धोका कमी करून दाखवते, आणि पुस्तिकेत याबद्दल एक ओळ नाही. साधं झाकणही दिलेलं नाही!

पाच क्विंटल सोयाबीनचे पैसे घातले ते बायकोसाठी. तिला ल्युपस, म्हणजे उन्हानं बळावणारा आजार आहे, डॉक्टरांनी ऊन टाळायला बजावलंय. सुरुवातीला वाटायचं, पैसे पाण्यात गेले. वर्धा जिल्ह्यात मे महिन्याचं ऊन कडक आहे, हे सांगायला यंत्र कशाला?

मत फिरलं ते एका दुपारी साडेतीनला. अंगाची लाही होत होती, पण आकडा दुपारी सव्वाबारा वाजताच्या आकड्याच्या निम्म्यावरही नव्हता. यूव्ही तापमानावर नाही, सूर्याच्या उंचीवर चालतं. सूर्य डोक्यावर असला की किरणांना, त्यांना शोषून घेणाऱ्या ओझोनच्या थरातून कमी वाट कापावी लागते. आपल्याकडे माध्यान्ह सव्वाबाराच्या आसपास होते, आणि सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो: मेच्या उत्तरार्धात आणि पुन्हा जुलैत.

जुलैनंच खरे डोळे उघडले. हवा गार, पातळ ढग, निंदणाच्या बाया शेला सोडून बसलेल्या, आणि मीटरवर 8! आकडा 3 किंवा त्याच्या वर गेला की अंग झाकावं, 8 किंवा त्याच्या वर फारच जपावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. कडुनिंबाखालीही आकडा शून्यावर येत नाही, कारण हे किरण आभाळातून विखरूनही येतात. आता बायको सकाळी नऊच्या आत आणि चारनंतरच वावरात जाते, तेही पूर्ण बाह्या घालून. चट्टे कमी झालेत. यासाठी मीटरला पैकीच्या पैकी.

सर्व्हिसला मात्र शून्य. "कुरिअरनं पाठवा, खर्च तुमचा," एवढंच उत्तर. तडा गेलेल्या चकतीच्या आकड्यावर मी बायकोला उन्हात कसं पाठवू? कपाशीचं पुढचं निंदण तोंडावर आहे. चकती सुटी विका, पैसे मोजतो, पण लवकर द्या.