वाडीचा एक ग्रुप मोडून कम्युनिटी केली: गणपती ते गणपती वापरल्यावर

व्हॉट्सअ‍ॅपवर कम्युनिटीची, म्हणजे अनेक ग्रुप एका छत्राखाली जोडण्याची, सोय नोव्हेंबर 2022 मध्ये आली. तेव्हा बहुतेकांनी तो टॅब एकदा उघडून पाहिला आणि ‘कशाला हवंय हे’ म्हणून सोडून दिला. आमच्या वाडीच्या मंडळाने मात्र गेल्या वर्षीचे गणपती झाल्यावर ती वापरायला घेतली आणि आता यंदाचेही गणपती होऊन गेले. देवगड तालुक्यातली वाडी. निम्मी घरं उघडी, निम्म्यांना कुलूप, आणि कुलूपवाले सगळे डोंबिवली, विरार, भांडुपला. मी अ‍ॅडमिन आहे, तेव्हा हे सगळं अ‍ॅडमिनच्या बाजूने लिहिलेलं आहे हे धरून वाचा. ज्यांना फक्त मेसेज वाचायचे आहेत त्यांचं मत वेगळं असू शकतं. आमच्या घरातच ते वेगळं आहे.

आधी एकच ग्रुप होता. सकाळी फुलं आणि सुविचार, मध्येच ‘लाईट इली काय?’, त्याखाली वाशीच्या बाजारातला आंब्याच्या पेटीचा भाव, त्याखाली कोणाच्या तरी नातवाचा दहावीचा निकाल, आणि या सगळ्यात कुठेतरी ‘बारावं रविवारी आहे, सर्वांनी यावे’. निकालाला दिलेलं ‘अभिनंदन’ बाराव्याच्या मेसेजखाली जाऊन बसलं, त्यावर दोन घरांत बोलणं बंद झालं. शेवटी मंडळाच्या बैठकीत विषय निघाला तो याच कारणाने. तंत्रज्ञानाची हौस म्हणून कोणी काही बदललं नाही.

टेलिग्राम वापरावं असं तरुण पोरांचं म्हणणं होतं, आणि विषयवारीच्या बाबतीत ते बरोबरच होतं. टेलिग्रामच्या ग्रुपमध्ये 2022 पासून टॉपिक उघडता येतात. एकच ग्रुप, आत आंबा, रेल्वे, देऊळ असे वेगवेगळे कप्पे, नको तो कप्पा म्यूट. नव्याने आलेल्याला जुने मेसेजही दाखवता येतात. आमंत्रणाच्या लिंकला मुदत घालता येते, किती जणांनी वापरायची तेही ठरवता येतं. चार-सहा जणांनी करून बघितलं. अडलं ते भलत्याच ठिकाणी. तिथे ग्रुपमध्ये आलेला माणूस सगळ्याच टॉपिकांत आला. कोकणातल्या घरात पाहुणा कोण आहे त्यावर तो खळ्यात बसणार, पडवीत बसणार की माजघरापर्यंत येणार हे ठरतं. इथे खळ्यात आलेला थेट देवघरात. शिवाय टेलिग्रामच्या ग्रुपांना एन्ड-टू-एन्ड एन्क्रिप्शन (ग्रुपबाहेरच्या कोणालाही, अगदी कंपनीलाही, मेसेज वाचता न येण्याची सोय) नसतं, व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपांना असतं. पण खरं सांगायचं तर निर्णय झाला तो आबांच्या एका वाक्यावर: ‘आता नवीन काय शिकाक सांगू नकात.’ डिस्कॉर्ड नावाच्या अ‍ॅपमध्ये कोणाला कुठला चॅनल (कप्पा) दिसावा हे भूमिकेप्रमाणे ठरवता येतं, आणि आम्हाला नेमकं तेच हवं होतं. तरी ते नाव बैठकीत घ्यायचीसुद्धा माझी छाती झाली नाही.

तर कम्युनिटी. तिची रचना अशी की एक सूचनांचा ग्रुप आपोआप तयार होतो, त्यात सगळे असतात आणि लिहितात फक्त अ‍ॅडमिन. बाकीचे ग्रुप तिच्याखाली जोडायचे, जुने किंवा नवे. आमच्याकडे सध्या लाईट-पाणी, आंबा, गाडी-रेल्वे, महिला मंडळ, भजन आणि गप्पा असे आहेत. 1024 माणसांची मर्यादा एका ग्रुपला आहे, वाडीला ती कधी लागणार नाही.

सर्वात जास्त फरक पडला सूचनांच्या ग्रुपने. तिथे पाण्याची वेळ, ग्रामसभा, मयत, गावदेवीच्या जत्रेची तारीख, एवढंच जातं. लोकांना सूचनेखाली उत्तर देता येतं, पण ती उत्तरं सूचनेखाली गुंडाळलेली राहतात, प्रत्येक ‘ओके’ला सगळ्यांचे फोन वाजत नाहीत. जी काकी पूर्वी ग्रुप कायम म्यूट करून ठेवायची, तिने आता म्यूट काढलंय. आणखी एक गोष्ट बायकांना फार पटली. सूचनांच्या ग्रुपमध्ये सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, अ‍ॅडमिनला तेवढे दिसतात. खालच्या ग्रुपांत मात्र त्या ग्रुपातल्या सगळ्यांना नंबर दिसतो, हे आत घेतानाच सांगून टाकलेलं बरं.

गाडी-रेल्वेच्या ग्रुपचं तर मला कौतुक आहे. रेल्वेचं आगाऊ आरक्षण 1 नोव्हेंबर 2024 पासून 120 दिवसांवरून 60 दिवसांवर आलं. त्यामुळे गणपतीच्या तिकिटांची धावपळ आता पावसाळ्याच्या तोंडाशी न होता भर पावसात होते. त्या दिवसांत हा ग्रुप सकाळी आठला जागा होतो. कोकणकन्येचं काय, तुतारीचं काय, कणकवलीचं मिळालं की वेटिंग, कोणाचं तिकीट रद्द होणार आहे, याशिवाय तिथे दुसरं काही नसतं. बाकी वर्षभर तो मेल्यासारखा पडून असतो आणि तो तसाच असावा. मुंबईची एक वहिनी म्हणाली, ‘माका आंब्याचा काय नको, गाडयेचा तेवढा सांग.’ ती आता तेवढ्याच ग्रुपात आहे आणि सुखी आहे.

आता आत घेण्याचा भाग. प्रत्येक ग्रुपच्या परवानग्यांमध्ये ‘नव्या सदस्यांना मंजुरी’ असा खटका आहे. तो चालू केला की लिंक कोणीही कुठेही पाठवो, येणाऱ्याची नुसती विनंती येते. अ‍ॅडमिनने बरोबरची खूण दाबली तर आत, नाहीतर बाहेर. ही सोय नसती तर कम्युनिटी करण्यात काही अर्थ नव्हता असं माझं मत झालंय. विषय वेगळे कोणीही करतो, पण कोण कुठल्या विषयात बसेल हे हातात नसेल तर जुना गोंधळ पाच-सहा ठिकाणी वाटला जातो, इतकंच.

विनंती येते तेव्हा स्क्रीनवर नाव, फोटो आणि तुमचे दोघांचे कुठले ग्रुप सामाईक आहेत एवढंच दिसतं. आमच्याकडे आलेल्या विनंत्यांत नावाच्या जागी नुसतं टिंब आणि फोटोच्या जागी गणपती हा प्रकार इतका असतो की त्यावरून काही ठरवणं शक्य नाही. मग मी गावची जुनी पद्धत वापरतो. फोन लावायचा आणि विचारायचं: कोणाचो झील तू? आजोबांचं नाव, घर वरच्या आवाठात (वाडीच्या भागात) की खालच्या, हे ज्याला सांगता येतं त्याला दोन मिनिटांत आत घेतो. एकदा असाच फोन केला तर समोरून हिंदीत उत्तर आलं आणि त्याला ‘सी-फेसिंग प्लॉट’ हवा होता. लिंक त्याच्याकडे कशी पोचली ते कळलं नाही. मी लिंक रिसेट केली, जुनी लिंक तिथेच निकामी झाली.

आंब्याच्या ग्रुपला सगळ्यात कडक पहारा आहे. हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड, ठाणे, पालघर हे जिल्हे आले. पण कर्नाटकचा आंबा देवगडच्या नावाने खपवणं थांबलेलं नाही. जुन्या ग्रुपवर आमच्या चुलत्यांनी टाकलेला कलमाखालचा पेट्यांचा फोटो दुसऱ्याच कोणाच्या तरी जाहिरातीत दिसला होता, मोबाईल नंबर त्याचा आणि बाग आमची. म्हणून इथे फक्त ज्याची स्वतःची किंवा करारावर घेतलेली बाग आहे तोच. दलाल नाही, खरेदीदार नाही, ‘नुसतं बघायला’ येणारा तर नाहीच. त्याचा फायदा लगेच दिसला. मोहोरावर तुडतुड्याची कीड दिसली की लोक न लाजता पानाचा फोटो टाकतात, कोणती फवारणी कधी घेतली ते सांगतात, आणि दलालाने काय भाव दिला तोही सांगतात. पूर्वी भाव कोणी खरा सांगत नसे. आता सगळे खरा सांगतात असं नाही, पण निम्मे तरी सांगतात.

सगळ्यात मोठा वाद माहेरवाशिणींचा झाला. त्यांना घ्यायचं की नाही? एका काकांचं म्हणणं, ती आता दुसऱ्या गावची. त्यावर त्यांच्याच सख्ख्या बहिणीने, म्हणजे आत्यांनी, बैठकीत तोंडावर विचारलं, ‘चेडू लगीन करून गेला म्हणान तेचा गाव सुटला काय?’ पुढे चर्चेची गरज पडली नाही. माहेरवाशिणी आल्या, आणि महिला मंडळाचा ग्रुप त्याच चालवतात. जावयांना सूचनांपुरतं घेतलं.

मग बाहेरून येऊन जागा घेतलेली, बंगले बांधलेली मंडळी. पुण्याची दोन-तीन घरं आहेत, माणसं चांगली आहेत. त्यांना विजेच्या तारेचा जंपर तुटला, लाईट कधी येणार, टाकीत पाणी सोडलं का, हे कळायला हवं. त्यांना लाईट-पाणीमध्ये घेतलं. इथे कम्युनिटीची एक खोच लक्षात ठेवा. कुठल्याही एका ग्रुपात घेतलेला माणूस सूचनांच्या ग्रुपात आपोआप येतो. शिवाय कम्युनिटीच्या पानावर त्याला सहसा इतर ग्रुपांची नावं दिसतात आणि तिथून आत येण्याची विनंती करता येते. म्हणून देवस्थानच्या हिशोबाचा ग्रुप आम्ही कम्युनिटीला जोडलाच नाही. तो वेगळा, जुन्या पद्धतीचा, मानकरी आणि कमिटी एवढ्यांचाच ठेवलाय. पैशाच्या ग्रुपचं नावसुद्धा यादीत दिसायला नको. आत काही लपवलंय म्हणून नव्हे. नाव दिसलं की ‘आमका का नाय घेतलास?’ सुरू होतं म्हणून.

उणिवाही आहेतच. लोक विषय पाळत नाहीत. आंब्याच्या ग्रुपवर कीर्तनाची ऑडिओ येते, भजनाच्या ग्रुपवर भाव. सांगून सांगून कमी झालं, थांबलं नाही. फॉरवर्ड झालेला मेसेज पुढे ग्रुपांत पाठवताना एका वेळी एकाच ग्रुपला जातो, ती मर्यादा मात्र आमच्या मदतीला आली. सहाही ग्रुपांत तोच सुविचार टाकायला सहा वेळा दाबावं लागतं आणि एवढा उत्साह आबांनाही नाही. नवीन आलेल्याला मागचं बोलणं आमच्याकडे दिसलं नाही, त्यामुळे तेच प्रश्न परत येतात. महत्त्वाचे तीन मेसेज वर पिन करता येतात, पण जास्तीत जास्त 30 दिवस. आणि ज्यांनी ‘मला कोणी ग्रुपमध्ये जोडायचं’ यात फक्त आपले कॉन्टॅक्ट ठेवलेत, त्यांच्याकडे अ‍ॅडमिनचा नंबर सेव्ह नसेल तर त्यांना थेट जोडता येत नाही, आमंत्रण पाठवावं लागतं आणि ते तीन दिवसांत बाद होतं. बऱ्याच म्हाताऱ्या माणसांना ते आमंत्रण कुठे आलं हेच सापडत नाही.

रुसवे-फुगवे कमी झाले हे मात्र नोंदवतो. पूर्वी कोणी ग्रुप सोडला की सगळ्यांना दिसायचं आणि संध्याकाळपर्यंत त्यावर चर्चा. 2022 पासून ते फक्त अ‍ॅडमिनला कळतं. मागच्या 60 दिवसांत कोण गेलं ही यादी ज्याला शोधायची आहे तो शोधतोच, पण ती शोधण्याएवढी चिकाटी फक्त दोन माणसांकडे आहे आणि ती दोघं कोण हे वाडीला ठाऊक आहे.

अ‍ॅडमिन व्हायला लोक घाबरतात, दुसऱ्याने काही भलतंसलतं टाकलं तर पोलीस आपल्याला धरतील म्हणून. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये एका प्रकरणात म्हटलं होतं की सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, समान हेतू किंवा आधी ठरवलेला बेत दिसल्याशिवाय, अ‍ॅडमिनला जबाबदार धरता येत नाही. हे मी बैठकीत सांगितल्यावर दोघे जण तयार झाले. तरी नको ते आलं तर अ‍ॅडमिन म्हणून तो मेसेज सगळ्यांसाठी पुसता येतो, तो मी पुसतोच.

तुम्ही करणार असाल तर मंजुरी देणारा एक जण गावात आणि एक मुंबईत ठेवा. मे 2021 मध्ये तौक्ते आलं तेव्हा वाडीत लाईट नव्हती, रेंज नव्हती. तेव्हा कम्युनिटी नव्हती, पण असती तरी गावातल्या अ‍ॅडमिनचा काही उपयोग झाला नसता. यंदाही जोराच्या पावसात टॉवर गेला तेव्हा चतुर्थीला येणाऱ्यांच्या विनंत्या भांडुपच्या भावाने मंजूर केल्या. त्याला वरचा आवाठ, खालचा आवाठ पाठ आहे.

नवीन ग्रुप काढण्याचा अधिकार आम्ही अ‍ॅडमिनकडेच ठेवलाय, सदस्य फक्त सुचवू शकतात. गेल्या आठवड्यात एका जावयाने ‘जावई मंडळ’ असा ग्रुप सुचवलाय. तो माझ्याकडे मंजुरीसाठी पडून आहे. दिवाळीच्या बैठकीत ठेवतो, बघू आत्या काय म्हणतात ते.