मुलांची काचबिंदू ओपीडी, पुणे : आमचा सहा वर्षांचा अनुभव

माझ्या मुलीच्या कपाळावर उजव्या बाजूला आणि पापणीवर जन्मापासून जांभळट लाल डाग आहे. "ग्रहणात काही चिरलं होतंस का गं?" हे मी बारशापासून ऐकत आले. इथल्या डॉक्टर मॅडमनी पहिल्याच भेटीत सांगितलं, की ग्रहणाचा, खाण्यापिण्याचा, आईवडिलांच्या रक्ताचा याच्याशी काही संबंध नाही. हा स्टर्ज-वेबर सिंड्रोम, म्हणजे रक्तवाहिन्यांचा जन्मजात विकार; यात डोळ्यातला दाब वाढून काचबिंदूही होऊ शकतो. गर्भातच काही पेशींपुरता जीएनएक्यू या जनुकात बदल होतो, हे २०१३ साली सापडलं. सासूबाई शेजारीच होत्या, त्यांनीही ऐकलं. त्या एका वाक्याचे उपकार मी विसरणार नाही.

आठ महिन्यांची असताना तिच्या डोळ्यातून पाणी यायचं, उजेडात डोळा मिटून घ्यायची. गावाकडे अश्रुनलिका बंद आहे म्हणून दोन महिने मालिश करायला सांगितलं. तो डोळा मोठा दिसायचा आणि आम्ही कौतुक करायचो, याची हळहळ अजून आहे. इथे भूल देऊन तपासलं तेव्हा कॉर्निया (बुबुळावरचा पारदर्शक पडदा) १३ मिलिमीटर, म्हणजे वाढलेला, आणि डोळ्यातला दाबही जास्त, २८ भरला. आठवड्यात ऑपरेशन झालं.

ही मंडळी नुसता दाबाचा आकडा लिहून घरी पाठवत नाहीत, डोळ्यातलं रक्त कसं वाहतंय तेही बघतात. मी कराडची म्हटल्यावर मॅडम म्हणाल्या, "कृष्णेला फुगवटा आला की नाल्याचं पाणी मागं येतं ना, तसंच." डोळ्याच्या आतलं पाणी (अश्रू नव्हे) शेवटी पांढऱ्या भागावरच्या शिरांत उतरतं. या मुलांच्या त्या शिराच तुंबलेल्या असतात, म्हणून दाब वाढतो. शिवाय डोळ्याच्या पडद्यामागे रक्तवाहिन्यांचा थर जाड असू शकतो, ऑपरेशनमध्ये दाब एकदम उतरला तर तिथून पाणी किंवा रक्त सुटू शकतं. यंदा दाब परत २४ झाला, तेव्हा लगेच दुसरं ऑपरेशन न करता आधी दाब उतरवणारे टिमोलोलचे थेंब का, ते मला तेव्हा उमगलं. दमा नाही ना, हे विचारूनच थेंब दिले. घातल्यावर नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरायचा, म्हणजे औषध अंगात कमी उतरतं. सिस्टरनी माझं बोट धरून जागा दाखवली.

या वेळी ओसीटी अँजिओग्राफीही (डोळ्यातल्या बारीक रक्तवाहिन्यांचं चित्र) झाली. सुई नाही, रंग टोचणं नाही. एकाच जागेच्या लागोपाठ प्रतिमा घेऊन त्यातलं हलतं रक्त टिपतात. पण मूल स्थिर हवं, आणि आमची तीनदा हलली. टेक्निशियन दादा रागावले नाहीत. तिला माझ्या मांडीवर बसवून स्टॅच्यू खेळले, चौथ्यांदा चित्र आलं. डाव्या डोळ्यात दृष्टीच्या मज्जातंतूभोवती बारीक वाहिन्यांची जाळी दाट, उजव्यात विरळ. पोटात खड्डा पडला, पण आता पुढच्या वेळी ताडून बघायला काहीतरी हातात आहे.

एक तारा कमी देते, कारण ते मशीन मोठ्यांच्या विभागात आहे आणि मुलाची हनुवटी पोचेल असं स्टूल नाही. बाहुली मोठी करायचे थेंब घातल्यावर मुलांना प्रखर ट्यूबलाइटखाली दीड तास बसवतात. एक अंधारी खोली द्यायला हवी.

बाळाच्या वरच्या पापणीवर असा डाग असेल तर डोळा छान दिसत असला तरी लगेच दाखवा. नंबर सकाळी आठला लागतो, कराडहून पहाटेचीच गाडी धरा.