बाबांच्या शर्टांचे फ्रॉक शिवून देणाऱ्या म्हापशाच्या बाई

बाबा गेल्यावर आईने त्यांचे सात शर्ट डांबराच्या गोळ्या घालून कपाटात ठेवले. आमच्या डिचोलीच्या पावसात दुसऱ्याच वर्षी त्यांना कुबट वास धरला. "नासण्यापेक्षा नातीच्या अंगावर जाऊ देत," असं आईच म्हणाली.

पहिला शर्ट मी पणजीच्या एका बुटीकमध्ये दिला आणि तो वाया गेला. घामाने विरलेला काखेजवळचा भाग त्यांनी नेमका फ्रॉकच्या खांद्यावर घेतला. दुसऱ्याच धुण्यात तो फाटला. त्या दिवशी मला रडू आलं.

म्हापशाच्या बाजारामागे पहिल्या मजल्यावर एक बाई मोठ्यांच्या जुन्या कपड्यांतून मुलांचे कपडे शिवतात, असं जाऊबाईंनी सांगितलं. उरलेले सहा शर्ट तिथे नेले. बाईंनी मापाची टेप आधी उचललीच नाही. एकेक शर्ट खिडकीतल्या उजेडासमोर धरला, अंगठ्यांनी कापड ताणून पाहिलं आणि विरलेल्या जागी खडूने फुल्या मारल्या. कॉलर, कोपर, काखा बाद. पाठी मात्र बहुतेक शाबूत होत्या. एक शर्ट टेरिकॉटचा निघाला, तो "हें चलचें ना" म्हणत परत केला. आपल्या दमट हवेत पोरांना त्यात घामोळं येतं. शिलाईवर पाणी सोडून नको ते कापड नाकारणारं माणूस मला पहिल्यांदाच भेटलं.

निळ्या चौकड्याचा शर्ट उन्हाने पार फिका पडला होता. बाबा बाह्या दोनदा दुमडायचे, त्या घडीच्या आत तेवढा मूळ रंग राहिला होता. बाईंनी ती घडी उलगडून मला दाखवली. चौकडा छापलेला नव्हता, रंगीत धाग्यांनी विणलेला होता, म्हणजे नक्षी दोन्ही बाजूंना सारखीच. त्यांनी ऊन न लागलेली आतली बाजू वर घेतली आणि फ्रॉक जवळजवळ नवा दिसू लागला. शर्टाची बटणपट्टी फ्रॉकच्या पाठीवर आली, त्यामुळे काज-बटणं आयती मिळाली. जुनं सुती कापड आटायचं तेवढं आधीच आटलेलं असतं, म्हणून मापही धुण्यानंतर तसंच राहिलं.

भाच्याच्या बारशासाठी आईच्या सुती साडीतून दोन झबली करून घेतली. तान्ह्या बाळाला जुनेरच घालावं हे आजी सांगायची, ते हात लावला की पटतं. बटणांऐवजी बंद लावले आणि शिवणीचे दोरे टोचू नयेत म्हणून शिवण बाहेरच्या बाजूला घेतली. हे मी सांगितलं नव्हतं.

फ्रॉकला ३०० रुपये, झबल्याला ८०. तयार फ्रॉक बाजारात याहून स्वस्त मिळतो, पण मला हेच हवे होते.

उणीव एकच, पण मोठी. आठ दिवसांचा वायदा होता, लागले तेवीस. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, घालायचा फ्रॉक चवथ झाल्यावर हातात आला. फोन केला की "उद्या" म्हणतात. सणासाठी हवं असेल तर दीड महिना आधी द्या. माया (शिवणीच्या आत सोडलेलं कापड) जास्त ठेवायला आणि खालची दुमड दोन इंच घ्यायलाही आठवणीने सांगा, म्हणजे पुढच्या वर्षी फ्रॉक वाढवता येतो. कपडे धुऊन, खळ न घालता न्या. मापाला मुलाला नेण्याची गरज नाही, त्याला नीट बसणारा एक कपडा पुरतो. शुक्रवारी बाजाराच्या गर्दीत जाऊ नका, बाईंना बोलायला वेळ नसतो.

उरलेले तुकडे बाई पिशवीत भरून परत देतात. आमची पिशवी आईने स्वतःजवळ ठेवली आहे, गोधडीसाठी.