कूलरच्या ताट्या की हनीकोंब: बोअरच्या पाण्यावर कूलर चालवणाऱ्यांसाठी

विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि हवा कोरडी ठणठणीत होते, तेव्हा कूलर घ्यावा की नाही हा प्रश्नच उरत नाही. प्रश्न उरतो तो त्याच्या तिन्ही बाजूंना गवताच्या ताट्या लावाव्यात की हनीकोंब, म्हणजे मधाच्या पोळ्यासारखे नळ्यानळ्यांचे कागदी पॅड, एवढाच. आमच्या घरी एका खोलीत ताट्यांचा आणि दुसऱ्या खोलीत हनीकोंबचा असे दोन्ही कूलर एकाच बोअरच्या पाण्यावर चालत आले आहेत, म्हणून हे अनुभवावरून लिहितो आहे.

नुसत्या गारव्याचा विचार केला तर हनीकोंब काकणभर सरस आहे, हे मान्य करायला हवे. एक लिटर पाण्याची वाफ होताना ते हवेतून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता ओढून घेते, आणि हवेला जितका जास्त ओला पृष्ठभाग मिळेल तितके हे काम पुरे होते. ४५ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असलेली हवा तत्त्वतः २४ अंशांच्या आसपास उतरू शकते. प्रत्यक्षात आपण तिथपर्यंत पोहोचत नाही, पण हनीकोंबच्या तिरप्या नळ्यांमधून हवा सगळीकडून सारखी ओली होऊन येत असल्याने आपण त्याच्या अधिक जवळ जातो. याउलट ताटीतले गवत महिन्याभरात खाली बसते, वरच्या बाजूला फट पडते आणि तिथून गरम झळ थेट आत येते. शिवाय गवताचा चुरा टाकीत उतरून पंपाच्या जाळीत अडकतो. वाळ्याच्या ताटीचा सुवास मनाला फार प्रसन्न करतो, परंतु तो पहिले काही दिवसच टिकतो.

तरीही माझा कौल ज्या एका कटकटीमुळे फिरला, ती पाण्यातल्या क्षारांची आहे. हवेत जाते ते निव्वळ पाणी. त्यात विरघळलेले सारे काही मागे राहते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेल्या घन पदार्थांसाठी लिटरला ५०० मिलिग्रॅम ही इष्ट मर्यादा धरली आहे. अशा बऱ्यापैकी पाण्याचेही कूलरने दिवसाला ५० लिटर उडवले, तर २५ ग्रॅम क्षार मागे राहतात, म्हणजे दोन महिन्यांत दीड किलो. अकोला, अमरावती आणि बुलढाण्यातील पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीखालचे पाणी खारे असलेल्या भागात, तर हा आकडा कितीतरी वर जातो.

क्षारयुक्त पाणी कमी उडते असा एक समज आहे, पण लिटरला ३५ ग्रॅम क्षार असलेल्या समुद्राच्या पाण्याचाही बाष्पदाब, म्हणजे वाफ होण्याची ओढ, गोड्या पाण्यापेक्षा जेमतेम दोन टक्के कमी असतो, त्यामुळे खरा त्रास पाण्याचा नसून मागे बसणाऱ्या पापुद्र्याचा आहे. कोरडी हवा जिथून आत शिरते त्या बाहेरच्या कडेला पाणी सर्वांत वेगाने उडते, आणि नेमक्या त्याच कडेवर आमच्या हनीकोंबच्या नळ्यांची तोंडे पांढऱ्या खरबरीत थराने निम्मी बुजली होती. पाण्यात विरघळलेल्या कॅल्शियम बायकार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड निघून गेला की कॅल्शियम कार्बोनेट उरते, आणि ते साध्या पाण्यात पुन्हा विरघळत नाही. लिंबूसत्त्वाच्या पाण्याने ते सुटते खरे, परंतु कागदी पॅड घासता येत नाही आणि वारंवार भिजवून धुतल्यास त्याचे थर मऊ पडतात, असे निदान आमच्याकडे दिसले. ताटीवरही हाच थर बसतो. फरक एवढाच की पुढच्या चैत्रात गवत फेकून थोडक्या पैशांत नवे भरून घेता येते, आणि महागडे पॅड मात्र फेकवत नाही.

टाकीतले पाणी रोज थोडे सोडून दिल्यास हनीकोंबचे आयुष्य निश्चित वाढते. जितके पाणी उडते त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतके सोडले, तर टाकीतली क्षारांची तीव्रता मूळ पाण्याच्या चौपटीवर थांबते. पण उन्हाळ्यात पाण्याची ओढाताण असताना इतके पाणी सोडायला हात धजत नाही. ज्यांच्याकडे नागपूरसारखे पेंचचे किंवा कन्हानचे नळाचे पाणी येते, त्यांचा अनुभव कदाचित वेगळा असेल आणि त्यांना हनीकोंब परवडेल.

ठरवण्यापूर्वी आपले पाणी स्टीलच्या ताटलीत उन्हात आटवून पाहावे. उरलेली पांढरी कड साध्या पाण्याने विरघळली, तर ते बहुतांशी मीठ आहे आणि पॅड अधूनमधून धुऊन काम भागेल. ती तशीच चिकटून राहिली आणि लिंबाच्या थेंबाने फसफसली, तर मी ताट्याच घ्या असे सुचवेन.