हिरड्यांची पाहणी: प्रश्नावली की प्रोब?

मोठ्या गटात हिरड्यांच्या आजाराची (पेरिओडॉन्टायटिस) पाहणी करायची, पण दंतवैद्य मोजकेच. नुसत्या प्रश्नावलीवर भागेल का?

खर्च-वेळेत प्रश्नावली सरळ जिंकते. प्रोबने, म्हणजे दात आणि हिरडीमधल्या फटीची खोली मोजणाऱ्या बारीक सळईने, अक्कलदाढा सोडून 28 दातांभोवती प्रत्येकी 6 जागा, म्हणजे 168 मोजमापं घ्यायची. प्रशिक्षित हात हवाच.

अचूकतेत चित्र उलटं. हा आजार बराच काळ दुखत नाही, म्हणून माणूस प्रामाणिकपणे ‘त्रास नाही’ लिहितो. ‘रक्त येतं का?’ हा तर फसवा प्रश्न, कारण धूम्रपान करणाऱ्यांत रक्तस्राव कमी दिसतो. ‘दातांभोवतीचं हाड झिजल्याचं डॉक्टरांनी सांगितलंय का?’ जास्त कामाचा. पण त्यासाठी आधी डॉक्टरकडे गेलेलं असावं लागतं!

गटातलं प्रमाण अंदाजायचं तर प्रश्नावली चालेल. एकाच माणसाचे उपचार ठरवायचे तर प्रोबच, गरजेप्रमाणे एक्स-रेसह.