कानावरचे मफ: नऊ महिने वापरल्यावर

कुकरची शिट्टी व्हायच्या आत गॅस बारीक करायला आमच्या घरात सगळेच धावायचे. मुलगा सात वर्षांचा आहे, त्याला ऑटिझम आहे, दोन-दोन शब्द बोलतो. शिट्टी, मिक्सर, केएमटी बसचा हॉर्न, काहीही अचानक वाजलं की कान दाबून तिथंच खाली बसायचा. मग अर्धा तास त्याला कुणीच नको असायचं. ‘लाडावलंय पोरगं’ हे मी लग्नात, बसमध्ये, दुकानात, सगळीकडं ऐकलंय.

गेल्या जुलैत साडेबाराशे रुपयांचे, कान झाकून आवाज अडवणारे मफ घेतले. कारखान्यात कामगार घालतात तसलेच, लहान मापाचे. वायर नाही, बॅटरी नाही. खोक्यावर आवाज २५ डेसिबलनं कमी होतो असं लिहिलंय, पण तेवढ्यावर जाऊ नका. मध्ये केस किंवा चष्म्याची काडी आली की फट राहते आणि आवाज आत येतो.

पहिले तीन आठवडे तो हात लावू देईना. डोक्यावरचा दाबच त्याला सहन होत नव्हता. थेरपीच्या ताईंनी सांगितलं, जबरदस्ती नको. मग आधी माझ्या कानावर, नंतर त्याच्या अस्वलाच्या, मग त्याच्या, दहा आकडे मोजेपर्यंत. जरा जमतंय तोवर एका लग्नात हलगी सुरू झाली आणि मी घाबरून ते त्याच्या डोक्यावर दाबले. त्यानं फेकून दिले आणि पुढं पंधरा दिवस जवळ येऊ दिले नाहीत. ती चूक माझी होती, अजून मनाला लागते.

मिक्सर, शिट्टी, फटाके, लहान मुलांचा गलका यांना मफ छान चालतात. डॉल्बीला नाही. खालचा जाड आवाज ते फारसा अडवत नाहीत आणि तो ठोका कान झाकले तरी छातीत बसतो. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, आणि आमच्या खिडकीच्या काचा थरथरत होत्या. विसर्जनाच्या दिवशी त्याला घेऊन कागलला बहिणीकडं गेलो. या बाबतीत मला फार राग आहे.

दिवसभर घालू नका. सतत शांततेची सवय लागली तर साधे आवाजही जड जातात, असं ताई म्हणाल्या. म्हणून आवाज थांबला की काढतो. रस्त्यावर मागची गाडी ऐकू येत नाही, हात सोडायचा नाही. मार्चपासून घामानं कानामागं पुरळ येतं, मफच्या कानावर बसणाऱ्या गाद्या ओल्या फडक्यानं पुसाव्या लागतात. सातव्या महिन्यात एक गादी फाटली आणि सुटी कुठं मिळाली नाही. घेतानाच विचारा. शाळेत सुरुवातीला नको म्हणाले, आता प्रार्थनेच्या वेळी घालू देतात.

परवा चटणी कांडायला डंकावर, म्हणजे मिरच्या कांडायच्या गिरणीवर जायचं होतं. दरवर्षी त्याला शेजाऱ्यांकडं ठेवून जायचे. मी डबे भरताना तो मफ घेऊन आला, म्हणाला, “टोप घाल.” डंकाच्या दारात उभा राहून वरखाली होणारी मुसळं बघत बसला, हात त्याच लयीत हलत होता. आमच्या मिरच्या झाल्या, मागच्या बाईंच्याही झाल्या. तो हलेना, म्हणून मीही थांबले.